वेशीत मागं कोण सरणार

तळवेशीतला खोळंबा मिटला असता तर अच्युतरावांच्या पदरात काय पडलं असतं, ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. नाहीतर लोक म्हणतात, बिचारा गावासाठी झटला.

एक म्हणजे पेशकारी. मुळंबीच्या तहसील कचेरीत तहसीलदारांपुढे कागद वाचून दाखवणाऱ्या पेशकाराची गादी खिडकीपाशी होती, लोडासकट. जुने पेशकार वारल्यापासून अच्युतराव त्या गादीवर कामचलाऊ म्हणून बसत होते. बसायचं, पण लोडाला टेकायचं नाही, अशी ती बढती. बाकीचे कारकून त्यांच्या ताठ पाठीकडे बघत आणि कंबर कधी धरते याची वाट पाहत. दुसरं म्हणजे हळदीकुंकू. त्यांच्या सुशीलाबाईंना बायका “अजून पक्कं झालं नाही ना?” असं गोड विचारून मागच्या सतरंजीवर बसवत. आणि तिसरे सासरे. ते भालकीला वकिली करत, आणि जावयाला धाडलेल्या पत्रावर ‘कारकून’ हा हुद्दा नावापेक्षा मोठ्या अक्षरात काढत. सुशीलाबाईंना आता सातवा लागला होता; नातवाचा बाप तरी पेशकार असावा, असं सासऱ्यांनी मागच्याच पत्रात लिहिलं होतं.

हे सगळं एका वेशीत अडकून पडलं होतं.

मुळंबी वसली होती लाल दगडाच्या पठारावर. कचेरी वर, बाजार वर, आणि रेवणसिद्धप्पांचं कापसाचं जिन, म्हणजे सरकी काढून गाठी दाबायचा कारखाना, तोही वर, कारण तो बांधला तेव्हा खालून रेल्वे जाईल हे त्यांच्या ज्योतिषाला दिसलं नव्हतं. स्टेशन झालं ते खाली, उतारावर. कारकुनांनी स्टेशनालगत स्वस्तातली घरं धरली. म्हणजे हंगामात सकाळी दहाच्या सुमाराला खेड्यांतला कापूस वर चढायचा, दाबलेल्या गाठी मालगाडीसाठी खाली उतरायच्या, आणि मधोमध टांग्यात, पायी, छत्री सावरत अख्खी कचेरी. सगळ्यांना वाट एकच, तळवेशीतून. एका बाजूला तट, दुसऱ्या बाजूला खंदक, आणि कमान एका गाडीपुरती.

वेशीचा रिवाज सोपा होता. ज्याच्या गाडीचं जू आधी कमानीखाली आलं तो जाणार, दुसऱ्यानं मागं सरायचं. पण बैलाला मागं सरता येत नाही आणि बैलवाल्याला तर मुळीच येत नाही. मागं सरला तो त्या दिवसापुरता हरला. त्याला माफी एकच होती. समोरच्या गाडीत पोटुशी बाई असली तर तोंडातून शब्द न काढता मागं सरायचं. त्यात कमीपणा नाही, उलट पुण्य.

या पुण्यातच घोळ झाला होता. तीन हंगामांमागं रेवणसिद्धप्पांच्या गाठींना उशीर झाला आणि स्टेशनात मालगाडी येऊन उभी राहिली. अप्पांनी मग चन्नव्वाला पुढच्या गाडीवर बसवलं. चन्नव्वा त्यांची विधवा आत्या, साठी उलटलेली, तोंडात दात राहिले होते ते मोजायला बोटं जास्त व्हावीत. तिच्या डोक्यावरून शाल ओढली, लुगड्याखाली कापसाचा बोचका बांधला आणि दृष्ट लागू नये म्हणून पोटुश्या बाया धरतात तसं हातात लिंबू दिलं. खालून कोहिनूर गावचे पाटील अंकुशराव कापसाच्या गाड्या घेऊन चढत होते, आणि त्यांचं जू कमानीत आलं होतं. तरी त्यांनी गाडी मागं घेतली. नुसती घेतली नाही, खाली उतरून बैलांच्या तोंडाला धरून सारली, खंदकात एक चाक घातलं, आणि वर हात जोडून म्हणाले, “अक्का, दमानं जावा.”

चन्नव्वाला हसू आवरलं नाही. शाल सरकली.

त्या दिवसापासून मुळंबीत अंकुशरावांचं नाव ‘सुईण’ पडलं.

जिन एकच. वैर झालं म्हणून कापूस घरात ठेवता येत नाही. तेव्हा अंकुशराव माल अप्पांकडेच आणत, पण ऐन दहाच्या गर्दीत, आणि कमानीखाली आल्यावर घट्ट असलेली दोरी पुन्हा घट्ट करायला उतरत. अप्पाही मग नेमकं त्याच वेळी गाठी उतरवायला पाठवत. दोघांच्या मधे कचेरी सापडे. एकदा खुद्द तहसीलदारसाहेबांचा टांगा दोन्हीकडच्या बैलांच्या मधे असा उभा राहिला की साहेबांच्या शेरवानीला एका बैलानं नाक पुसलं.

साहेबांनी त्या दिवशी अच्युतरावांना बोलावलं. “पुढच्या महिन्यात बीदरहून जिल्ह्याचे बडे साहब, तालुकदार, मोटारीतून येताहेत. उनकू रस्ता साफ मिला तो गद्दी तुम्हारी. नहीं मिला तो,” आणि त्यांनी लोडाकडे बघितलं, “गद्दी किसी की भी.”

अच्युतरावांनी डोकं चालवलं. डोकं होतं त्यांना, ते नाकारण्यात अर्थ नाही. रस्ता रुंद करता येत नाही, तर वेळ रुंद करू, असं त्यांनी ठरवलं. कचेरीत ज्याला हवं त्यानं सातला यावं आणि दोनला जावं. ज्याला हवं त्यानं अकराला यावं आणि सहाला जावं. कापसाच्या गाड्यांनी उजाडायच्या आत चढावं. गाठी भर दुपारी उतराव्यात. तहसीलदारांनी मान हलवली.

कचेरीत ‘ज्याला हवं त्यानं’ ही भानगड कुणाला कळेना. आपल्याला काय हवं ते कुणीच सांगेना. जो तो शेजाऱ्याला काय हवं ते विचारी, आणि ते आधी अडवायला बघे. शेवटी अच्युतरावांनी नावं वाटून टाकली. मग सकाळचे लोक दोनला उठताना शाईच्या दौती कपाटात कोंडून जाऊ लागले, आणि संध्याकाळचे लोक सकाळच्यांच्या बैठका उलट्या घालून ठेवू लागले. रयतेला मात्र दोन्ही वेळा लागू झाल्या. एका कागदावर सकाळच्याची सही, दुसरी दुपारच्याची. माणसं सातपासून सहापर्यंत पायरीवर बसून राहत. पण पायरीवर खोळंबा झाला तर तो वेशीत धरत नाहीत.

खरा प्रश्न त्या दोघांचा होता.

“पहाटं यावं म्हन्ता?” अंकुशराव कचेरीच्या ओट्यावर पाय सोडून बसले होते. “कामून? मी काय त्याच्या घरी दुधाचा रतीब घालायलाव? तो पांघरुनात, आन् मी त्याच्या दारात?”

अच्युतरावांनी इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. “अंकुशराव, ही वेळ अप्पांनी मागितली होती. अगदी हात जोडून. मी म्हटलं, जमायचं नाही, ती कोहिनूरकरांची.”

“हात जोडून?”

“असे.” अच्युतरावांनी दाखवलं.

अंकुशराव थोडा वेळ त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले. अप्पांचे नसले तरी बघायला बरे वाटले असावेत. “मंग ऱ्हाऊ द्या पहाट,” ते म्हणाले. “मला काय. बैलाला बी गारवा.”

जिनात रेवणसिद्धप्पा गाठींच्या सावलीला बसले होते. ते घरी कानडी बोलत, हिशेबात उर्दू, आणि भांडताना मराठी. कचेरीतल्या माणसाला मात्र कुठल्याही भाषेत ‘रायरे’च म्हणत, म्हणजे रावसाहेब.

“रायरे, उन्हात माझी बैलं आणि गार वाऱ्यात त्या सुईणीची? हा कोणता न्याय झाला?”

“अप्पा, दुपारसाठी अंकुशराव माझ्या पाया पडायचे बाकी होते. दुपारी सगळा बाजार जागा असतो. गाठी उतरताना चार माणसं बघतात. पहाटे बघायला कोण, कुत्री? मी त्यांना स्पष्ट सांगितलं, मानाची वेळ आहे, ती अप्पांची.”

“पाया पडला का?”

“वाकले होते. मीच उठवलं.”

अप्पांनी मुनिमाला सांगून रायरांसाठी दूध मागवलं. वर मलाई होती.

आणि वेस मोकळी झाली, हे कबूल करायला हवं. पहाटे अंकुशराव चढत, सातला अर्धी कचेरी, अकराला अर्धी, दुपारी गाठी. तहसीलदारांचा टांगा कमानीखालून न थांबता गेला, आणि साहेबांनी मागं वळून अच्युतरावांकडे बघून मिशीला हात लावला. त्या दिवशी अच्युतरावांनी लोडाला पाठ टेकून बघितली. जरा वेळच.

नुकसान झालं ते सोजराबाईचं. ती कमानीलगतच्या ओट्यावर उकडलेल्या शेंगांचं टोपलं घेऊन बसे, आणि तिचं गिऱ्हाईक म्हणजे अडकून पडलेली माणसं. अडकलेला माणूस शेंगा खातो. चालता माणूस नुसता वास घेऊन जातो.

“रावसाब,” ती अच्युतरावांना वाटेत म्हणाली, “वेस रिकामी केली, आता माझं टोपलंबी रिकामं करा की. घ्या चार पायल्या.”

“दुसरीकडे बस जाऊन.”

“कुठं बसू? तुमच्या गादीवर जागा हाय म्हन्त्यात. पक्की बसलेली न्हाई अजून कुनी.”

टांग्यातले दोन कारकून हसले. अच्युतरावांनी वर जाऊन चपराशाला पाठवलं. चपराशानं सोजराबाईचं टोपलं ओट्यावरून उचलून खंदकाच्या कडेला ठेवलं. कचेरीचा रस्ता आहे, म्हणाला, अडथळा नको. निम्म्या शेंगा खंदकात गेल्या.

अच्युतरावांच्या हातून हिशेब चुकला तो इथं. सोजराबाई काय विकते हे त्यांना ठाऊक होतं. ती काय ऐकते हे नव्हतं. त्याच ओट्यावर बसून तिनं पहाटे अंकुशरावांना आपल्या गड्यांपुढं फुशारताना ऐकलं होतं, “हात जोडून मागत होता रं ही वेळ.” आणि त्याच दिवशी दुपारी अप्पांना, “पाया पडत होता म्हणे या वेळेसाठी, सुईण.” तिनं दोन्ही ऐकून ठेवलं होतं, जसं बायका जुनं फडकं ठेवतात, कधीतरी लागेल म्हणून. आता लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती खंदकाच्या कडेवरून म्हणाली, “पाटील, तुमी पाया पडला म्हनं, दुपारच्या वेळंसाठी?”

“मी? कुनाच्या?”

“रावसाबाच्या. अप्पा मिशा पिळत सांगायलाय समद्या बाजारात. तुमाला पायजे व्हती ती वेळ त्याला मिळाली म्हनून.”

“मी कवा मागितली दुपार?”

“तेच म्हन्ते मी,” सोजराबाई म्हणाली, आणि शेंगा निवडू लागली.

दुपारी तिनं अप्पांना त्यांच्या जोडलेल्या हातांची खबर दिली.

आता शहाणा वाचक म्हणेल की दोघं उठून कचेरीत गेले असतील आणि अच्युतरावांची गचांडी धरली असेल. मुळंबीत असं होत नाही. कारकून खोटं बोलला यात दोघांनाही नवल वाटलं नाही. कारकून आणखी काय करणार? त्यांना झोंबलं ते वेगळंच. समोरच्यानं ज्या वेळेकडे बघितलंसुद्धा नाही, ती वेळ आपण महिनाभर मान म्हणून मिरवली. त्याच्या ताटातलं उष्टं खाल्लं, आणि वर ढेकर दिला. हे पुसायचं तर एकच मार्ग होता. दोघांना एकच वेळ हवी होती, दहाची, आणि अख्ख्या गावाच्या डोळ्यांदेखत. तालुकदारांची मोटार त्याच दिवशी, त्याच सुमाराला यायची होती, हा योगायोग होता असं दोघांनी नंतर शपथेवर सांगितलं.

त्या सकाळी अच्युतराव नवी पगडी घालून वेशीखाली उभे होते. तहसीलदार वर कचेरीत हार घेऊन तयार होते. खालून गाड्यांचा आवाज आला, आणि अंकुशराव चढताना दिसले. वरून आवाज आला, आणि गाठींच्या गाड्या उतरताना दिसल्या. पहिल्या गाडीवर, गाठींच्या शेंड्यावर, चन्नव्वा बसली होती. आज शाल नव्हती. ती गंमत बघायला आली होती.

दोन्ही जुवं कमानीखाली एकदमच आली. बैलांनी एकमेकांची शिंगं हुंगली.

“अंकुशराव, अप्पा, मोटार येतेय,” अच्युतराव म्हणाले. “आज नको. माझ्यासाठी.”

“तुमच्यासाठी तर आलाव,” अंकुशराव म्हणाले.

“हात जोडा,” अप्पा म्हणाले. “तुम्हाला छान जोडता येतात म्हणे.”

अच्युतराव उतारावरून पळत घरी गेले. घर स्टेशनाजवळच होतं. सुशीलाबाई भाजी चिरत होत्या.

“शाल घे. टांगा दारात आहे.”

“कुठं जायचं?”

“देवीला. नवस होता.”

“आत्ता? साहेब येणार ना तुमचे?”

“म्हणूनच. चल, वेळ नाही.” त्यांनी कोनाड्यातलं लिंबू उचललं आणि बायकोच्या हातात दिलं.

सुशीलाबाईंनी लिंबाकडे बघितलं. चन्नव्वाची गोष्ट स्टेशनातल्या प्रत्येक घरात सांगून झाली होती. त्या नवऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग शाल घेतली आणि टांग्यात बसल्या. नको म्हणता आलं असतं. पण मागच्या सतरंजीवर त्यांनाच बसावं लागत होतं.

टांगा अंकुशरावांच्या गाड्यांच्या मागं येऊन थांबला. अच्युतराव पुढं झाले. “वाट द्या. टांग्यात दोन जिवांची बाई आहे.”

गडी एकमेकांकडे बघू लागले. मग एक गडी हसला, आणि ते हसू तटावर बसलेल्या लोकांपर्यंत गेलं.

“शाल बी हाय,” कुणीतरी म्हणालं. “लिंबू बी हाय.”

“किती शेर कापूस भरलाय, रावसाब?”

“माझी बायको आहे ती,” अच्युतराव म्हणाले. “खरंच आहे.”

“ती बी खरीच व्हती,” अंकुशराव चन्नव्वाकडे बोट दाखवून म्हणाले. “साठ वर्साची व्हती, पर खरी.”

रेवणसिद्धप्पा गाडीवरून म्हणाले, “अत्ते, बघून ये. तुला यातलं कळतं.”

चन्नव्वा उतरली. गाड्यांच्या फटीतून वाट काढत टांग्यापाशी आली. अच्युतराव बाजूला झाले. त्यांनी तिला अडवलं नाही, हे सगळ्यांनी बघितलं. चन्नव्वानं शालीखाली हात घातला. सुशीलाबाई समोर तटाकडे बघत राहिल्या. चन्नव्वाचा हात थांबला, आणि तिनं तो हळूच काढून घेतला.

“खरं आहे,” ती कानडीत म्हणाली, मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत. “लेकरू हलायलंय.”

हसू थांबलं. अप्पांनी गालावर हात मारून घेतला. “मग मी मागं घेतो. पोटुशीसाठी घेतो. पण मधे हा उभा आहे. मी मागं घेतलं की हाच आधी जाणार. मग मी कुणासाठी सरलो, बाईसाठी की याच्यासाठी? याला आधी मागं घ्यायला सांगा.”

अंकुशरावांनी टांग्याकडे बघितलं. त्यांच्या घरात सुना होत्या, माणूस काही दगडाचा नव्हता. “ताई, तुमचा दोष न्हाई,” ते म्हणाले. “पर मी एकदा पोटासाठी मागं सरलो, आन् तीन वर्सं सुईण झालाव. आता खरी येऊ द्या न्हाईतर खोटी. मी सरणार न्हाई.”

दोघंही खरं बोलत होते. म्हणूनच कुणी हलेना.

ऊन चढलं. सोजराबाई ओट्यावर परत येऊन बसली होती, आणि तिच्याभोवती गर्दी जमली होती. खालून मोटारीचा भोंगा वाजला, पुन्हा वाजला, मग बंद झाला.

सुशीलाबाई टांग्यातून उतरल्या. नवऱ्यानं हात पुढं केला तो त्यांनी धरला नाही. त्यांनी लिंबू चन्नव्वाच्या हातात दिलं. “ठेवा,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला पुन्हा लागेल.”

आणि वर देवीकडे न जाता त्या उतारानं खाली निघाल्या, एक हात तटाला लावून, चाकं आणि भिंतीच्या मधून. तालुकदारसाहेब मोटारीतून उतरून पायी वर येत होते. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. त्या दिवशी वेशीत वाट दिली ती त्यांनीच, आणि त्यांना रिवाज माहीत नव्हता.

“ही बाई कोण?” कमानीपाशी पोचल्यावर त्यांनी विचारलं.

“कामचलाऊ पेशकाराची,” सोजराबाई म्हणाली. “आता कामचलाऊ बी न्हाई बहुतेक.”

दुपारच्या गाडीनं सुशीलाबाई भालकीला बापाकडे गेल्या. तालुकदारांनी कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेली रयत बघितली, उलट्या बैठका बघितल्या, आणि वेळा पूर्वीसारख्या करायला सांगितल्या. वेशीत एक शिपाई उभा राहिला. अच्युतरावांची औरादकडे बदली झाली, जुन्याच हुद्द्यावर. सासऱ्यांनी पत्त्यावर ‘कारकून’ लिहायचं थांबवलं, कारण पत्रंच थांबवली.

आता कुणाचं काय गेलं ते मांडू. अंकुशरावांचं काही गेलं नाही. ‘सुईण’ हे नाव त्या दिवसापासून अच्युतरावांकडे गेलं आणि औरादपर्यंत त्यांच्यामागं गेलं. अप्पांची एक मालगाडी चुकली, दुसरी मिळाली. सोजराबाईचं टोपलं रिकामं झालं. तहसीलदारांनी गादीवर आपल्या भाच्याला बसवलं. तो पहिल्याच दिवशी लोडाला टेकला. अच्युतरावांचा मुलगा आजोळी जन्मला, आणि तीन वर्षांचा होईपर्यंत त्यानं बाप बघितला नाही.

राहिला रिवाज. मुळंबीच्या वेशीत आता पोटुशीसाठी कुणी मागं सरत नाही, आणि कुणी ‘मागं सर’ म्हणतही नाही, कारण म्हटलं की आधी कुणीतरी हात लावून बघेल. गाडी अडली की बाई आपणच उतरते आणि तटाला हात लावत, चाकाच्या कडेनं चालत वर जाते. कधी सातव्या महिन्यात, कधी नवव्यात. त्या दिवसाचं देणं अजून बायाच फेडतात.